बत्तीस अंड्यांची पेटी

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की तिच्या फार जवळ जाऊ नये, ती चोच मारते. तरी लहानपणी आजोळच्या पडवीत त्या टोपलीपासून दोन हात अंतरावर मी बसून राहायचो. आजीने प्रत्येक अंड्यावर कोळशाने एक रेघ ओढलेली असे. सकाळी वर दिसणारी रेघ दुपारी खाली गेलेली असायची आणि संध्याकाळी कुठेतरी कडेला. कोंबडी चोच अंड्याच्या पलीकडे टेकवून ते अलगद स्वतःकडे ओढते आणि त्या ओढण्यात अंडं फिरतं. दिवसातून किती वेळा, ते मोजायला मला कधीच जमलं नाही. असं का करते, असं विचारल्यावर आजी म्हणाली, "सगळीकडून ऊब लागायला नको का रे?"

आजीचं उत्तर खरं होतं, पण अर्धं. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं, तर आतला गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि पिल्लू नीट वाढत नाही. बलक आणि त्याभोवतीचं पांढरं यांचं वजन सारखं नसतं. जे हलकं ते वर तरंगतं, जे जड ते खाली बसतं. कोंबडी उबवताना अंडी फिरवते, त्यामागे पृथ्वीची ओढ आहे. ही ओढच काढून टाकली तर अंड्याचं काय होईल?

हा प्रश्न १९८०च्या सुमारास अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या लफायेट गावच्या जॉन व्हेलिंजर या शाळकरी मुलाला पडला. त्याने तो कागदावर मांडला आणि शाळकरी मुलांचे प्रयोग स्पेस शटलमधून नेणाऱ्या एका देशव्यापी स्पर्धेत पाठवला. नासा आणि विज्ञान-शिक्षकांची राष्ट्रीय संघटना मिळून ही स्पर्धा भरवत. पुढे त्याच्या प्रयोगाची निवड झाली.

निवड झाली म्हणजे शटलमध्ये जागा मिळाली. पण जागा मिळाली म्हणून प्रयोग तयार होत नाही, आणि नासा काही प्रयोगाचं सामान बांधून देणार नव्हती. निवडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एखादी कंपनी उभी राहावी, तिने खर्च उचलावा आणि तांत्रिक मदत द्यावी, अशी या योजनेची रचना होती. व्हेलिंजरच्या पाठीशी उभी राहिली केंटकी फ्राइड चिकन ही कंपनी. तिने पन्नास हजार डॉलर दिले, आणि माझ्या मते पैशापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे आपला एक अभियंता दिला, मार्क ड्यूसर. व्हेलिंजर तोवर पर्ड्यू विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकायला लागला होता. दोघांनी मिळून उबवणीची पेटी बांधायला घेतली.

काही सेंटच्या अंड्यासाठी पन्नास हजार डॉलर, हे ऐकून कोणीही थबकेल. शाळेच्या पालकसभेत हा आकडा सांगणाऱ्या शिक्षकाची काय अवस्था होत असेल, याची मला कल्पना करता येते. म्हणून तो पैसा जातो कुठे, हे सविस्तर सांगायला हवं.

कुक्कुटपालनातली साधी उबवणी पेटी घ्या. खाली बल्ब, वर अंड्यांची जाळी, कोपऱ्यात पाण्याची वाटी. बल्बने तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, गार हवा खाली येते, आणि हे चक्र आपोआप चालू राहतं. कक्षेत फिरणाऱ्या यानात मात्र हलकं आणि जड हा भेदच उरत नाही, त्यामुळे गरम हवा वर जात नाही. ती तापली तिथेच बसून राहते. बल्बजवळचं अंडं शिजेल आणि पलीकडचं गारठेल. शिवाय वाढणारं अंडं कवचाच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं. हवा हलली नाही तर त्याने बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच भोवती साचतो. म्हणजे पंखा हवा. पंखा बसवला की हवा कोरडी होते, म्हणजे ओलावा राखायची सोय हवी. वाटीत पाणी ठेवता येत नाही, कारण ते वाटीत राहणारच नाही.

उड्डाणाच्या वेळी शटलमधल्या प्रत्येक वस्तूला आपल्या वजनाच्या तिप्पट भार सोसावा लागे, आणि त्याबरोबर इंजिनांची थरथर. अंड्याचं कवच त्यातून शाबूत राहायला हवं आणि आतला गर्भही त्या हादऱ्यांनी मरता कामा नये, नाहीतर गर्भ थरथरीने मेला की वजनरहित अवस्थेने, हे कळणार कसं? म्हणून अंड्यांना धक्के शोषणारी बैठक लागते. पेटीतलं प्लास्टिक, गोंद, तारांचं वेष्टण यांतून विषारी वाफ निघत नाही ना, याची तपासणी लागते, कारण ती पेटी अंतराळवीर जिथे राहतात, जेवतात, झोपतात त्याच कोठडीत ठेवली जाते. एखादी तार तापून धूर झाला तर पळायला अंगण नाही. प्रत्येक चाचणीची नोंद करायची, एखादी चाचणी फसली की भाग बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. जमिनीवर तुलनेसाठी हुबेहूब तेवढीच अंडी उबवायची. पन्नास हजार डॉलर अशा कामात जातात. वर्गणी देणाऱ्याला हे दिसत नाही, त्याला कोंबडीचं अंडं दिसतं.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे शटल उडालं. त्यात सात अंतराळवीर होते, क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका त्यांपैकी एक. त्यातच व्हेलिंजरची अंडी होती. ७३ सेकंदांनी यान फुटलं.

त्या सात माणसांपुढे अंड्यांच्या पेटीचं दुःख करायचं नसतं, आणि त्या काळात कोणी ते केलंही नसेल. पण प्रयोगाच्या अंगाने पाहिलं तर अनेक वर्षांचं काम संपलं होतं. शटलची उड्डाणं थेट सप्टेंबर १९८८पर्यंत बंद राहिली. विद्यार्थ्याचं शिक्षण संपत येतं, कंपनीतली माणसं बदलतात, नवे साहेब जुनी फाइल बाजूला सारतात. अशा वेळी बहुतेक प्रयोग मरतात ते पैशाअभावी, विज्ञानाअभावी नव्हे. इथे मात्र कंपनी प्रायोजक म्हणून टिकली आणि ड्यूसरही टिकला. १३ मार्च १९८९ रोजी डिस्कव्हरी यान बत्तीस अंडी घेऊन निघालं. सोळा अंडी दोन दिवस उबवलेली होती, सोळा नऊ दिवस उबवलेली. पाच दिवसांनी, १८ मार्चला, यान परतलं.

नऊ दिवसांच्या गटातली अंडी जिवंत परतली. त्यांतली काही अभ्यासासाठी फोडली आणि उरलेल्या आठांतून पिल्लं बाहेर आली. पहिल्या पिल्लाचं नाव ठेवलं 'केंटकी', आणि ते पुढे लुइव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात गेलं. दोन दिवसांच्या गटातल्या सोळांपैकी एकही अंडं जगलं नाही.

एकाच पेटीत, एकाच तापमानात, तोच धक्का आणि तीच थरथर सोसलेले हे दोन गट. फरक होता फक्त सात दिवसांच्या वाढीचा. त्या सात दिवसांत अंड्यात असं काय घडतं?

बॅटरीच्या झोतावर अंडं धरून पाहिलेल्या कोणालाही याचा थोडा अंदाज असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी अंड्यात एक लाल कोळी दिसतो. मधे गर्भाचा गडद ठिपका आणि चहूकडे पसरलेल्या रक्तवाहिन्यांचे पाय. हे जाळं रोज पसरत जातं आणि नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत रक्तवाहिन्यांचं एक पातळ पटल कवचाच्या आतल्या बाजूला अस्तरासारखं लागतं. पिल्लाची फुप्फुसं अजून कामाला लागलेली नसतात. कवचातून येणारा प्राणवायू हे अस्तरच टिपून घेतं. पण दुसऱ्या दिवशी यातलं काहीच तयार नसतं. तेव्हा गर्भ म्हणजे बलकाच्या पाठीवर पसरलेली एक छोटी चकती. त्या दिवसांत गर्भाखाली पाणी साचतं, बलक हलका होतो आणि पांढऱ्यातून वर तरंगत कवचाजवळ पोहोचतो. गर्भ बलकाच्या वरच्या अंगालाच असल्यामुळे तोही आपोआप हवेशेजारी येतो. कक्षेत हे तरंगणं होत नाही. बलक अंड्याच्या मध्यावर राहतो, गर्भ पांढऱ्याच्या जाड थरात अडकतो आणि गुदमरतो. सोळाही अंडी का मेली, याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण हे आहे. नऊ दिवसांच्या गर्भाने आपलं अस्तर पृथ्वीवर असतानाच लावून घेतलं होतं. त्याला बलक कुठे आहे याची फारशी फिकीर उरली नव्हती.

जीव घडण्यासाठी पृथ्वीची ओढ किती नेमक्या दिवशी आणि किती नेमक्या कामासाठी लागते, हे एका शाळकरी मुलाच्या प्रश्नातून दिसलं. हा निकाल वाचताना मला दर वेळी वाटतं की चॅलेंजरनंतर ती फाइल बंद झाली असती, तर आपण केवढ्या गोष्टीला मुकलो असतो.

शाळकरी मुलांचा जीवशास्त्राचा प्रयोग अंतराळात जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९७३मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या ज्युडिथ माइल्स या विद्यार्थिनीच्या सूचनेवरून दोन कोळी नेले होते, ॲराबेला आणि ॲनिटा. वजन नसताना कोळी जाळं विणेल का, हा तिचा प्रश्न होता. ॲराबेलाचं पहिलं जाळं ओबडधोबड झालं, मग दोन-तीन दिवसांत तिचा हात बसला. स्कायलॅबसाठीच्या विद्यार्थी-स्पर्धेत ३,४००हून अधिक मुलांनी कल्पना पाठवल्या आणि २५ निवडल्या गेल्या. तेव्हा खर्च सरकारचा होता, मुलांनी फक्त विचार करायचा होता.

शटलच्या काळात दुसरी एक खिडकी उघडली. शटलच्या सामानकक्षात जागा उरली तर तिथे डबे बसवायचे आणि ते कोणालाही भाड्याने द्यायचे, असं नासाने ठरवलं. सर्वांत लहान डबा तीन हजार डॉलरला मिळे, सर्वांत मोठा दहा हजारांना. अंतराळाच्या हिशेबात हे जवळजवळ फुकट. फिलाडेल्फियाच्या समोर, डेलावेअर नदीच्या पलीकडे कॅमडेन नावाचं गाव आहे, गरिबीशी झगडणारं. तिथल्या दोन हायस्कुलांच्या मुलांनी मुंग्यांचं वारूळ अंतराळात पाठवायचं ठरवलं. मुंग्या आपली कामं वाटून घेतात, वजन नसताना ती घडी विस्कटते का, हे त्यांना पाहायचं होतं. गावातच मोठा कारखाना असलेल्या आरसीए कंपनीने भार उचलला. जून १९८३मध्ये, अंतराळवीर सॅली राइड ज्या उड्डाणात होत्या त्याच चॅलेंजरमधून तो डबा गेला.

परत आल्यावर डबा उघडला तेव्हा मुंग्या मेलेल्या होत्या. अंतराळाने मारल्या नव्हत्या. डबा बंद करून शटलमध्ये बसवल्यापासून उड्डाणापर्यंत बराच काळ जाई, त्यात आतला ओलावा संपला आणि मुंग्यांना कोरड पडली.

निधी गोळा करणाऱ्यांनी व्हेलिंजरच्या यशाइतकाच कॅमडेनचा हा धडाही लक्षात ठेवायला हवा. धातूचा स्फटिक वाढवायचा असेल तर तो डब्यात सहा महिने निमूट पडून राहतो. जिवंत वस्तू वाट पाहत नाही. उड्डाण आठवडाभर पुढे गेलं की बी कुजतं, यीस्ट उपाशी मरतं, कोळी भुकेने गळतो. म्हणून जीवशास्त्राच्या प्रयोगाचं अंदाजपत्रक करताना एक उड्डाण आणि एक डबा धरून चालत नाही. राखीव बियांचा, ऐनवेळी बदलायच्या नमुन्यांचा, दोन-तीन रंगीत तालमींचा खर्च धरावा लागतो. तिकिटाचे पैसे सगळ्यांना सुचतात, ताटकळण्याचे पैसे अंदाजपत्रकातून निसटतात.

२०१०मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या अंतराळप्रयोगांसाठी आणखी एक योजना उभी राहिली, आणि तिने निधीचा भार कंपनीवरून गावावर आणला. एखाद्या गावाने किंवा शाळासमूहाने वीस हजार डॉलरच्या वर रक्कम उभी करायची. मग तिथली शेकडो मुलं गटागटाने प्रयोगाच्या कल्पना लिहितात, शास्त्रज्ञ त्या तपासतात आणि एक प्रयोग अंतराळात जातो. वीस हजारांत गावाला मिळते सिलिकॉनची एक नळी. बोटाएवढी जाड, सतरा सेंटीमीटरच्या आसपास लांब. आत द्रव मावतो जेमतेम दोन लहान चमचे. नळीवर चिमटे लावून तिचे दोन किंवा तीन कप्पे करायचे. एकात वाळलेलं बी, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात वाढ थांबवणारं रसायन. अंतराळस्थानकावरचा अंतराळवीर ठरल्या दिवशी पहिला चिमटा काढतो, नळी हळूच हलवतो, आणि परतीच्या आधी दुसरा चिमटा काढतो. कॅमेरा नाही, बॅटरी नाही. तुलनेची नळी शाळेत असते आणि तिचे चिमटे त्याच वेळी मुलं काढतात.

मला ही नळी फार आवडते. मोठ्या पेटीचा सगळा खर्च तिने एका युक्तीने वाचवला: जीव कोरडा, झोपलेला न्यायचा आणि वर पोहोचल्यावर जागा करायचा. कॅमडेनच्या मुंग्यांची अडचण इथे बरीचशी सुटते. आपल्याकडे मटकीला मोड आणताना भिजवण्याची वेळ आपल्या हातात असते, तसंच हे.

पण पैसे गोळा करणं सोपं झालं, असं नाही. गणेशोत्सवाची वर्गणी मागायला गेलेल्याला गणपती कोण ते सांगावं लागत नाही. इथे चौदा वर्षांच्या मुलीला गावातल्या बँकेच्या व्यवस्थापकासमोर उभं राहून सांगावं लागतं की वजन नसताना बुरशी वेगळी वाढते का हे पाहण्यात तुमच्या गावाचं काय हित आहे. स्थानिक कंपन्या, धर्मादाय संस्था, शाळामंडळ, माजी विद्यार्थी, सगळीकडे हेच. आणि व्यवस्थापक साधे प्रश्न विचारतो. हे इथेच करून का नाही कळणार? काहीच फरक दिसला नाही तर? प्रयोगाच्या परीक्षकांनी विचारले असते तेच हे प्रश्न. उत्तर देता देता मुलीला स्वतःच्या प्रयोगातली फट सापडते. निधी गोळा करणं हे विज्ञानाच्या आधीचं कंटाळवाणं काम आहे, असं मानणाऱ्या शिक्षकांशी माझं पटत नाही.

या पद्धतीचं एक दुखणं मात्र आहे आणि ते लपवून उपयोग नाही. ज्या गावात बँका आणि कारखाने आहेत, तिथे वीस हजार उभे राहतात. जिथे नाहीत, तिथल्या मुलीची कल्पना कितीही चांगली असली तरी ती वहीत राहते. मोठ्या संस्था काही गावांची तूट भरून काढतात, पण त्यासाठीही अर्ज लिहिणारा, पाठपुरावा करणारा कोणीतरी शाळेत असावा लागतो. २०१५पासून अमेरिकेत जनुकशास्त्राच्या प्रयोगांची एक स्पर्धा चालते. तिथे सहभागाला पैसे पडत नाहीत, विजेत्या प्रयोगाचा खर्च बोइंग आणि इतर प्रायोजक करतात. डीएनएच्या प्रती बनवण्याची क्रिया अंतराळस्थानकावर पहिल्यांदा झाली ती याच स्पर्धेच्या पहिल्या विजेत्या विद्यार्थिनीच्या प्रयोगात, २०१६ साली. निधीची चिंता काढून घेतल्यावर मुलं काय करू शकतात, हे त्यातून दिसतं. दोन्ही वाटा चालू राहाव्यात असं मला वाटतं, आणि गरीब शाळांसाठी दुसरी वाट अधिक रुंद व्हावी.

२८ ऑक्टोबर २०१४ला संध्याकाळी व्हर्जिनियाच्या वॉलॉप्स बेटावरून अँटारिस अग्निबाण निघाला, त्यात गावांनी निधी उभारलेल्या अशा अठरा सिलिकॉनच्या नळ्या होत्या. पंधराएक सेकंदांत तो तळाजवळच कोसळून पेटला. माणसं नव्हती, ही एकच मोठी गोष्ट. उड्डाण पाहायला मुलं आली होती. काहींनी कित्येक महिने त्या नळीवर घालवले होते. या वेळी मात्र पुन्हा पाठवण्याची तरतूद लगेच झाली. मुलांनी शाळेत परत जाऊन बियाणं मोजलं, द्रावणं नव्याने बनवली, आणि १० जानेवारी २०१५ रोजी दुसऱ्या कंपनीच्या अग्निबाणातून ते प्रयोग स्थानकाकडे निघाले. अडीच महिने. व्हेलिंजरला तीन वर्षांहून अधिक काळ थांबावं लागलं होतं. मधल्या काळात आलेलं शहाणपण हेच, की दुसऱ्या खेपेची सोय पहिल्या खेपेच्या करारातच असावी.

आपल्याकडे ही दारं आत्ता किलकिली होत आहेत. ३० डिसेंबर २०२४ रोजी निघालेल्या इस्रोच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यावर एका छोट्या बंद डब्यात चवळीचे आठ दाणे होते आणि चार दिवसांत त्यांना कोंब फुटले. त्याच टप्प्यावर मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशींचा प्रयोग पाठवला होता. पुढे २०२५च्या जून-जुलैमध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी अंतराळस्थानकावर मेथी आणि मूग रुजवले. चवळी, पालक, मेथी, मूग. आपल्या कुठल्याही शाळेतल्या मुलीला या चार गोष्टींबद्दल प्रश्न पडू शकतो, आणि तुलनेचा संच तिच्या आईच्या ओट्यावर आधीच तयार असतो.

व्हेलिंजर आणि ड्यूसर यांनी डिस्कव्हरीच्या उड्डाणाआधीच, १९८८मध्ये, इंडियानात स्वतःची कंपनी काढली होती. अंतराळातल्या प्रयोगांची पेटी बांधणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम झालं. डिसेंबर २००१मध्ये एंडेव्हर यानातून त्यांनी बांधलेली नवी उबवणी पेटी गेली, या वेळी लाव्ह्यांची छत्तीस अंडी घेऊन. १९८९च्या प्रयोगात एक उणीव राहिली होती. तुलनेची अंडी पृथ्वीवर होती, त्यामुळे उड्डाणाची थरथर आणि वजनरहित अवस्था पूर्णपणे वेगळी काढता येत नव्हती. नव्या पेटीत अठरा-अठरा अंड्यांची दोन चक्रं होती. एक चक्र स्थिर ठेवता येई, आणि दुसरं इतक्या वेगाने फिरवता येई की त्यावरच्या अंड्यांना पृथ्वीइतकीच ओढ जाणवावी. दोन्ही चक्रांनी तोच धक्का सोसलेला, दोन्हींना तीच हवा. फिरणाऱ्या चक्रावरच्या अंड्यात, पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर वर, बलकाला पुन्हा वर आणि खाली मिळालं होतं.